उजवीकडे बघा की जरा!

आज पुन्हा तेच! दोघांच्याही मोटरबोटी, मी त्याच्या उजवीकडून आडवा येतोय, म्हणजे बाजूला व्हायचं त्याने. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे हे, मी घरी बसून काढलेलं नाही. पण साहेबांचा एक हात सुकाणूवर, दुसरा सेल्फीत! पाच आखूड भोंगे दिले. 'बाबा रे, तुझं काय चाललंय ते कळत नाहीये' असा त्याचा अर्थ. तर यांनी हसून टाटा केला!! बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे इंजिन उलटं टाकून कशीबशी थांबवली मीच. त्याची लाट आत, गुडघ्यापर्यंत चिंब. आणि लाइफ जॅकेट? बुडाखाली, उशी म्हणून.