बजेट कधीच न मोडण्याची रीत

महिन्याच्या किराण्याचं बजेट पाळणं अवघड असतं, असं म्हणणाऱ्यांनी ते कधी नीट पाळून पाहिलेलं नसतं. आमच्या घरी गेल्या कित्येक वर्षांत ते एकदाही मोडलेलं नाही. खर्च दर महिन्याला ठरल्यापेक्षा जास्त होतो, ती गोष्ट वेगळी. बजेट आणि खर्च यांची गल्लत करणारी माणसंच महिनाअखेरीला तोंड पाडून बसतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही रीत सांगून ठेवतो.

सुरुवात वहीपासून करा. जुन्या वहीची मागची कोरी पानं वापरण्याचा मोह होईल, तो आवरा. काटकसरीला थोडी प्रतिष्ठा हवी. जाड पुठ्ठ्याची, खुणेसाठी फीत असलेली वही आणा. जमा लिहायला निळं पेन, खर्चाला लाल. आखायला पट्टीही नवीच घ्या. या सगळ्याचे पैसे कुठल्या रकान्यात टाकायचे, असा प्रश्न तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी पडेल. पडू द्या. त्याचं उत्तर पुढे येणार आहे आणि एकदा ते सापडलं की पुन्हा असले प्रश्न पडत नाहीत.

मग आकडा ठरवा. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढून बसू नका. ती पाहिली की आकडा खरा येतो आणि खऱ्या आकड्यात काही मजा नसते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच सांगून ठेवलं आहे की एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना माणूस आपले जुने अनुभव बाजूला सारतो आणि या खेपेला सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. ते वेळेबद्दल बोलत होते, पण पैशानं तरी वेगळं का वागावं? तेव्हा या महिन्यात पाहुणे येणार नाहीत, कुणाचा वाढदिवस नाही, तेल सांडणार नाही आणि वाढत्या वयाची मुलं वाढायची थांबतील, असं धरून एक छान गोल आकडा लिहा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं मोठी माणसं सांगतात. पाय आधीच पसरलेले असतील, तर अंथरुणाचं माप जरा वाढवून लिहावं, एवढीच आमची त्यात भर.

आकडा आठवड्याच्या हिशेबानं काढायचा असेल तर आणखी चांगलं. आठवड्याला जे लागतं त्याला चारानं गुणा, महिन्याचं बजेट तयार. आता वर्षात आठवडे ५२ असतात आणि बारा चोक अठ्ठेचाळीस होतात, म्हणजे वर्षभरात ४ आठवडे घरात कुणी जेवत नाही असं तुम्ही कागदावर मान्य केलेलं असतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते एवढंच की २८ तारखेनंतर सगळ्यांना एकदम भूक लागते.

यादीबद्दल सगळे जाणकार एकच सांगतात: यादी केल्याशिवाय बाहेर पडू नये. अगदी खरं आहे. यादी जरूर करा, सुवाच्य अक्षरात करा, आणि निघताना ती फ्रीजच्या दारावरच चिकटलेली राहू द्या. दुकानात मग स्मरणशक्तीवर भिस्त ठेवता येते, आणि स्मरणशक्तीला नेमक्या त्याच वस्तू आठवतात ज्या घरात आधीच आहेत. यादी करण्यापूर्वी फडताळ मात्र उघडू नका. साखरेच्या डब्यामागे साखरेचा दुसरा डबा दिसला तर उगाच यादीतून एक ओळ कमी होते आणि यादी भिकार दिसायला लागते.

आता दुकानात जाऊ. पूर्वी माल काउंटरच्या पलीकडे असायचा आणि गिऱ्हाईक अलीकडे. मागाल ते मिळायचं, आणि मागायला तोंड उघडावं लागायचं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यानं गिऱ्हाइकाला सरळ आत सोडलं: फिरा, पाहा, हवं ते स्वतः उचला. तरी माणूस फार उचलू शकत नव्हता, कारण टोपली हातात धरावी लागायची. हात भरून आला की खरेदी थांबायची. माणसाच्या अंगात जन्मजात बसवलेलं ते बजेट होतं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं टोपलीला चाकं लावली आणि हात मोकळा केला. गंमत म्हणजे लोक ती गाडी घेईनात. तेव्हा त्यानं भाड्यानं माणसं आणून त्यांना दुकानभर गाड्या ढकलत फिरायला लावलं, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल. त्या भाडोत्री माणसांचं काम आता आपण सगळे फुकट करतो.

म्हणून माझा सल्ला असा की एक काडेपेटी घ्यायची असली तरी ट्रॉली घ्या. मोकळी ट्रॉली ढकलताना माणसाला आपण काहीतरी विसरतोय असं वाटत राहतं, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे यादी घरीच असते.

सवलतीच्या वस्तूंना घाबरू नका, उलट त्यांच्याकडे उत्पन्नाचं साधन म्हणून बघा. हिशेब साधा आहे. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेतली की निम्मे पैसे वाचतात. दोन घेतल्या तर सगळेच वाचले. बिलाच्या तळाशी दुकानवाले 'आज तुम्ही एवढे वाचवले' असं छापून देतात, तो आकडा निळ्या पेनानं जमेच्या बाजूला लिहायचा. आमच्या वहीत गेल्या वर्षी ही जमा एवढी झाली की थोडं जास्त फिरलो असतो तर नोकरीची गरज उरली नसती. वस्तूची किंमत ९९ वर संपत असेल तर ती शंभराच्या आतली आहे, हेही घरी येताना मोठ्यानं म्हणावं. बरोबरच्या माणसाला धीर येतो.

मोठं पाकीट स्वस्त पडतं, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. किलोमागे किंवा लिटरमागे काय पडतं हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं, पण त्यासाठी वाकावं लागतं, चष्मा शोधावा लागतो, आणि कधी कधी लहान पाकीटच स्वस्त निघतं. एवढे कष्ट करून आपला विश्वास कशाला गमवायचा? घरी आल्यावर मोठ्या बरणीतला चमचाही आपोआप मोठा होतो. महिनाभर पुरणारी वस्तू महिनाभर पुरलीच तर समजावं की घरच्यांना ती आवडलेली नाही.

कंपन्याही तुमच्या बजेटची काळजी घेतात. महागाई वाढली तर किंमत तीच ठेवतात, पाकीटही तेवढंच दिसेल असं बघतात, आतला माल तेवढा काही ग्रॅमनं कमी करतात. इतका मूक मदतीचा हात दुसरा कोण देईल! वहीतला आकडा जागचा हलत नाही. पाकीट पूर्वी २६ तारखेला संपायचं, आता २२ ला संपतं, आणि २२ तारखेला आणलेलं दुसरं पाकीट हा 'तातडीचा खर्च' असतो. तातडी आणि किराणा यांचा काय संबंध?

पैसे देताना रोख देऊ नका. काही जुन्या वळणाची माणसं महिन्याच्या सुरुवातीला किराण्याचे पैसे एका पाकिटात घालून ठेवतात आणि पाकीट रिकामं झालं की खरेदी बंद करतात. हा फार धोकादायक प्रकार आहे. रिकामं पाकीट रिकामं दिसतं, त्याच्याशी वाद घालता येत नाही. कार्डाचं तसं नाही, ते पैसे देण्यापूर्वी आणि नंतर सारख्याच जाडीचं असतं. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात खेळाच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. काहींना रोख द्यायचे होते, काहींना कार्डानं. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. तिकिटं तीच होती. खिशातून नोट निघताना जे बारीकसं दुखतं, त्यावर एवढं प्रभावी औषध दुसरं नाही, आणि दुखणं थांबल्यावर माणूस मोकळेपणानं खरेदी करू शकतो.

भाजीचं काय, असं विचाराल. भाजी रविवारी सकाळी घ्यावी, भरपूर घ्यावी, हिरवी घ्यावी. त्या वेळी माणूस आपण आठवडाभर कसं जगणार आहोत याबद्दल फार उदात्त विचार करत असतो. मग ती फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून गुरुवारपर्यंत तिकडे बघू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ च्या अहवालात म्हटलंय की २०२२ या वर्षात जगात दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलं. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येक घरानं आपापला वाटा उचलल्याशिवाय असे आकडे होत नाहीत. पाकिटांवरच्या तारखांबाबतही फार चिकित्सा नको. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' ही चवीची आणि दर्जाची गोष्ट, तर 'अमुक तारखेपर्यंतच वापरा' ही सुरक्षिततेची, असा फरक शहाणी माणसं करतात. आपण दोन्ही सारख्याच आवेशानं फेकावं आणि फेकलेल्याची किंमत 'आरोग्य' या सदरात लिहावी.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वरचं सगळं केल्यावर खर्च बजेटच्या दीडपट झालेला असेल. नवशिक्या इथेच खचतो. त्यानं वही उघडून बघावी: वहीत रकाने किती आहेत? एकच असेल तर बजेट मोडणारच. रकाने वाढवा.

रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की माणूस मनातल्या मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यातल्या पैशापेक्षा निराळा समजतो, जरी पैसा शेवटी पैसाच असला तरी. त्यांना हा माणसाचा विक्षिप्तपणा वाटला. आपण त्याची पद्धत करायची.

साबण खाता येत नाही, म्हणून तो किराणा नाही, तो 'स्वच्छता'. दूध रोज येतं, किराणा महिन्यातून एकदा येतो, तेव्हा दुधाचा संसार वेगळा. पाहुण्यांसाठी आणलेलं पाहुण्यांनी खाल्लं, त्याचा बोजा आपल्या बजेटवर का? ते 'समारंभ'. (त्यातलं उरलेलं आपण तीन दिवस खाल्लं, ते उष्टं वाया जाऊ नये म्हणून.) मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री आणलेली बिस्किटं 'शिक्षण'. सामान घरपोच मागवलं तर पोचवण्याचा आकार 'प्रवास', कारण कुणीतरी प्रवास केलेलाच असतो. स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून बाहेरून मागवलेलं जेवण 'मनोरंजन', आणि ते बेचव निघालं तर 'अनुभव'. अशी नेटानं वाटणी करत गेलं की महिनाअखेरीला किराणा या रकान्यात फक्त मीठ उरतं. मिठानं कुणाचं बजेट मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याचा एक जोडलाभ असा. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं (मार्क्सचा मित्र तो वेगळा, तो एंगल्स) १८५७ मध्ये मांडलं की कुटुंबाचं उत्पन्न वाढत गेलं की एकूण खर्चातला अन्नाचा हिस्सा कमी होत जातो. अर्थशास्त्रात हा नियम अजूनही मानतात. आमच्या वहीत अन्नाचा हिस्सा वर्षभरात इतका घसरला आहे की एंगेलनं ती पाहिली असती, तर आम्हाला जहागीरदार समजून उठून उभा राहिला असता.

आणि ज्या गोष्टीला कुठलंच नाव देता येत नाही, जिचं बिल सापडत नाही, जी का घेतली हे घेणाऱ्यालाही आठवत नाही, तिच्यासाठी शेवटचा रकाना आखा. त्याला 'इतर' म्हणायचं. हा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा, पट्टी त्यासाठीच आणलेली आहे. पहिल्या संध्याकाळी पडलेल्या प्रश्नाचं उत्तरही हेच: वही, फीत, दोन पेनं, पट्टी, सगळं इतर. इतर कधी प्रश्न विचारत नाही. पहिल्या महिन्यात तो चार ओळींचा असतो. तिसऱ्या महिन्यात त्याला पुढचं पान द्यावं लागतं. सहाव्या महिन्यात मी त्याच्यासाठी वेगळी वही केली आणि त्या वहीतही, नीट शिस्त हवी म्हणून, रकाने आखले. त्यातला शेवटचा 'इतर' आहे.

एकच काळजी घ्या. ही वही घरात उघडी टाकू नका. परवा आमच्या सौभाग्यवतींनी ती सहज चाळायला घेतली. किराण्याच्या पानाशी थांबून दोनदा मान डोलावली, मला बरं वाटलं. मग पुढची पानं उलटत गेल्या, बेरजांवरून बोट फिरवत. शेवटी चष्मा काढून मला विचारलं, "अहो, हे इतर इतर म्हणून एवढं काय आणता दर महिन्याला?"

मी बराच वेळ आठवून पाहिलं. मग खरं काय ते सांगितलं.

"किराणा."