रांग चालू, गाभारा बंद

"सर, पिरिंट येईना झालीया."

"किती वेळा दिली?"

"एकदाच."

रांगेतली कामं दाखवणारी एलपीस्टॅट -ओ ही कमांड मारली की कळतं, एकाच ऊसबिलाची सात कामं, एकाच माणसाच्या नावावर. रिक्षावाल्याचा हॉर्नवर असतो तेवढाच विश्वास आपल्या लोकांचा प्रिंटच्या बटणावर: दाबत राहिलं की पुढचं हलतंच.

लिनक्सवर छपाईची रांग कप्स सांभाळतं, आणि कप्सला दारं दोन असतात. नवरात्रातलं अंबाबाईचं देऊळ डोळ्यापुढं आणा. रांगेत घेणारा वेगळा, गाभाऱ्यात सोडणारा वेगळा. आत थांबवलं तरी बाहेर रांग वाढतच राहते. कपसॲक्सेप्ट आणि कपसरिजेक्ट या कमांडी म्हणजे रांगेचं दार: पहिली उघडते, दुसरी लावते. कपसएनेबल आणि कपसडिसेबल हे गाभाऱ्याचं. प्रिंटरपर्यंत काम पोचवताना सर्व्हरनं हात टेकले, की मूळ सेटिंगप्रमाणे (नाव स्टॉप-प्रिंटर) गाभारा बंद होतो. मग वायर नीट बसवा, प्रिंटरवर पाणी ओवाळा, दार आपोआप उघडत नाही. आणि रांग चालू असल्यानं प्रत्येकाला वाटतं, आपलं काम गेलं.

प्रिंटर बंद-चालू करून तर काहीच होत नाही, कारण कामं प्रिंटरमध्ये नसतातच. ती सर्व्हरच्या डिस्कवर, /व्हार/स्पूल/कप्स मध्ये पडून असतात: सी-नं सुरू होणाऱ्या फाइलीत कोणाचं काम, किती प्रती; डी-नं सुरू होणाऱ्या फाइलीत खरा मजकूर. त्या हातानं उडवायच्या नाहीत. कॅन्सल आणि कामाचा नंबर, एवढंच.

घाईत आधी कपसएनेबल मारणारा नवखा. सातच्या सात ऊसबिलं बाहेर येतात आणि रिमचा खर्च आपल्या डोक्यावर. आधी कपसरिजेक्ट, मग जादा कामं कॅन्सल, मग /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग वाचून कारण बघायचं, शेवटी एनेबल. रोजच तेच होत असेल तर एलपीॲडमिन या प्रिंटरची सेटिंग बदलणाऱ्या कमांडनं प्रिंटर-एरर-पॉलिसी (काम अडलं तर काय करायचं, ते) रिट्राय-जॉब करावी. अडलेलं काम नंतरवर जातं, बाकीच्यांची वाट मोकळी. रिट्राय-करंट-जॉब, म्हणजे अडलेलंच काम पुन्हा पुन्हा, मात्र मी लावत नाही. एक खराब फाइल तोंडाशी बसली की मागचे सगळे उपाशी.

साहेबांचं काम आधी हवं? एलपी -आय, नंबर, -क्यू १००. -क्यू म्हणजे प्राधान्य. मुळात सगळी कामं ५० वर असतात, १०० म्हणजे ओळखीचं दर्शन. पण छपाई सुरू झालेला दीडशे पानी ताळेबंद त्यानं थांबत नाही, आणि हे साहेबांना सांगायचं काम कुठल्याच कमांडला जमत नाही.

सगळ्यात छळवादी बिघाड लॉगमध्ये धड दिसतही नाही. कप्स म्हणतं छपाई चालू, प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय. फाइल लेटर या अमेरिकी मापाची, ट्रेत ए४, आणि प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत बसलेला. कोल्हापुरात ए४ मिळतो, लीगल मिळतो. लेटर मागितला तर दुकानदार लेटरहेडचे नमुने काढतो. रांगेचं मूळ पेजसाइज ए४ करून ठेवा, बरेच दिवे विझतात.

तर रांग साफ झाली, गाभारा उघडला, पहिलं पान आलं. तेवढ्यात दारात तोच माणूस.

"सर, मघाशी निदान घेत तरी हुतं. आता दाबलं तर घेईना पण झालंय."

कपसॲक्सेप्ट राहिलं.