‘एक सांगलीकर’ यांना उत्तर

साहेब (की बाई? नाव टाकलं असतंत तर हा प्रश्न पडला नसता),

गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं विनापरवाना प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, आधी गटार आणि पाणी द्या, गरिबाला सांगलीत परवडणारं घर तिथंच आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिता: “लेखकाने आयुष्यात कधी घरभाडं भरलेलं दिसत नाही. आम्ही नियमाने घर घेऊन कर भरायचा आणि पूरपट्ट्यात नोटरीवर प्लॉट घेणाऱ्यांना सोयी? तारीखही चुकीची. अभ्यास करून लिहा.”

तारीख चुकली, मान्य. कुठल्या तारखेपर्यंतचे असे प्लॉट नियमित करून मिळतात, ती तारीख मी 1 जानेवारी 2001 लिहिली होती. गुंठेवारी कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. लेखात बदल केलाय. आभारी आहे. ‘अभ्यास करून लिहा’ हे न म्हणताही ते सांगता आलं असतं.

आता भाडं. ‘भरलेलं दिसत नाही’ म्हणे. कुठून दिसलं हो तुम्हाला?

वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. गावभागात एका खोलीत आम्ही सहाजण, नळ सामाईक. आई भाड्याचे पैसे भडंगाच्या रिकाम्या डब्यात साठवायची. पाच तारखेला मालकांची चप्पल जिन्यात वाजली की आम्हा पोरांना ती खुणेनं गप्प करायची. त्या महिन्यात डबा भरलाय की नाही, ते आम्हाला तिच्या तोंडावरून कळायचं.

लग्नानंतर बारा वर्षं मीही अकरा-अकरा महिन्यांचे करार केले. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही कर्नाळ रोडला तळमजल्यावर होतो. परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला रेघ आणि तांदळाच्या डब्यात गाळ. मालकांनी रंग काढला आणि पुढच्या करारात भाडं वाढवलं. रेघ पुढच्या पावसाळ्यात रंगातून वर आली. भाडं काही खाली आलं नाही. एवढा अभ्यास पुरे का?

खरेदीखताशिवाय, नुसत्या नोटरीच्या कागदावर अर्धा गुंठा कुणी हौसेनं घेत नाही. एनए (बिगरशेती मंजुरीचा) प्लॉट परवडत नाही आणि नोटरीच्या कागदावर बँक कर्ज देत नाही, म्हणून माणूस भिशी उचलतो, बायकोचे दागिने मोडतो. शामरावनगरात माझ्या मावसभावानं तेच केलं. जुलैत पोरं शाळेला निघाली की बूट दप्तरात आणि पँट गुडघ्यापर्यंत. घरपट्टीच्या पावत्या मात्र त्यानं फाइलला लावून ठेवल्यात. तेव्हा कर फक्त तुम्हीच भरता, हा गैरसमज काढून टाका.

राहिला पूररेषेचा मुद्दा. तो जुनाच आहे, त्यावर कितीदा लिहायचं?

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. आणि तुम्ही भाडं भरता की घेता, तेही कळवा.