खंड्याला काय दिसतं

आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरी निवडून येत नाही. मीटिंगला जो गैरहजर, तो सेक्रेटरी. मी त्या रविवारी त्र्यंबकला गेलो होतो. परत आलो तर दाराच्या कडीला टाकीच्या चाव्या अडकवलेल्या. नाशिकच्या इंदिरानगरातली बारा फ्लॅटची जुनी बिल्डिंग. जिन्यातला दिवा, लिफ्टचं दार आणि पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या स्कूटर, एवढंच खातं असेल अशी माझी समजूत होती. भूतपिशाच्चही त्याच खात्यात येतं, हे भाद्रपदात कळलं.

खंड्या हा आमचा कुत्रा. 'आमचा' हे फक्त पोळी टाकण्यापुरतं. कुणाला चावायला धावला की तो शेजारच्या बिल्डिंगचा असतो. रंगाने काळा, पाय तांबूस, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक पिवळसर ठिपका. पितृपक्ष लागला आणि दुसऱ्याच रात्री, पावणेतीनच्या सुमारास, खंड्या मीटरच्या पेटीखालच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, मान वर केली आणि रडला.

कुत्र्याचं भुंकणं वेगळं आणि रडणं वेगळं. भुंकणाऱ्या कुत्र्याला माणूस गॅलरीतून 'हाड' म्हणतो आणि कूस बदलतो. रडणाऱ्याला हाड म्हणायची छाती होत नाही. जो म्हणेल त्याचाच नंबर लागला तर?

सकाळी सात वाजता ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला : 'रात्री सगळ्यांनी ऐकलंच असेल. कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे. मुक्या जनावराला दिसतं.' त्याखाली नऊ जणांनी हात जोडले.

कुत्रं रडलं की कुणीतरी जातं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. मग प्रश्न उरतो तो ज्येष्ठतेचा. आमच्याकडे यादीत पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचं. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, वय 87. कुणी काही बोललं नाही, पण सकाळी दहाच्या आत चार जण नानांकडे 'सहज' डोकावून गेले. दोघांनी शहाळी नेली, एकाने मोसंबी. चौथा नुसताच शेजारी बसून नानांच्या श्वासाकडे बघत राहिला. मी गेलो तेव्हा नाना कॉटवर बसून शहाळं पीत होते.

"काय रे, तू काय आणलंस?"

"काही नाही नाना, सहज आलो होतो."

"सहज येणारे सगळे काहीतरी आणतायत. बायपास झाली तेव्हा एवढी माणसं नव्हती."

आता माझी चूक सांगतो. संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या आणि मला विद्वत्ता दाखवायची हुक्की आली. म्हटलं, "काकू, ही कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत, सरमा या देवांच्या कुत्रीची पोरं. त्यांना चार डोळे असल्याचं लिहिलंय. काही जाणकार म्हणतात, चार डोळे म्हणजे डोळ्यांवरचे दोन ठिपके..." एवढं बोलून मी थांबलो, कारण खंड्या पायरीवर बसला होता आणि काकू त्याच्या कपाळाकडे बघत होत्या.

त्या रात्रीपासून खंड्याला तूप लावलेली पोळी सुरू झाली.

डाव सावरायला मी विज्ञान काढलं. ग्रुपवर सविस्तर लिहिलं, की माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. उंदीर एकमेकांशी जे बोलतात त्यातलं बरंचसं आपल्या कानाच्या वर असतं, ते कुत्र्याला ऐकू जातं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या 20 कोटींच्या पुढे. तेव्हा कोपऱ्यात घूस असेल, चिचुंद्री असेल, घाबरण्यासारखं काही नाही.

काकूंचं उत्तर दोन मिनिटांत आलं : 'म्हणजे आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, वास येत नाही, ते त्याला कळतं. मी तरी दुसरं काय म्हणतेय?'

खाली पुन्हा नऊ जणांनी हात जोडले. त्यात आमच्या घरचेही दोन होते.

"तुम्ही सेक्रेटरी आहात, भगत नाही," बायको म्हणाली. "कशाला मध्ये पडता?"

खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. पावसाळा सरता सरता माद्या माजावर येतात, दोन गल्ल्यांपलीकडचा वास नराला लागतो, आणि रात्रभर गल्लीत मारामाऱ्या, पाठलाग, हेल काढून रडणं. साधारण 63 दिवसांनी दिवाळी झाल्यावर जिन्याखाली पिल्लं सापडतात. आता याच भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपला पितृपक्ष. म्हणजे कुत्र्यांच्या गळ्याला ऊत येतो तो नेमका आपण पितरांची वाट बघत असतो तेव्हा. तिकडे रामकुंडावर पिंडदानाला रांगा, इकडे पानातलं कावळ्याचं कावळ्याला आणि कुत्र्याचं कुत्र्याला. पण बारा फ्लॅटच्या मिश्र सभेत, काकूंच्या समोर, 'भाद्रपदातला कुत्रा' हा विषय कसा काढायचा? मी 'ऋतुमानाचा परिणाम असतो' एवढंच म्हणालो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "हो, हवा बदललीय. नानांना पण खोकला आहे."

आणि मला स्वतःलाही हे कारण पुरेसं वाटत नव्हतं. मादीमागे लागलेला कुत्रा गल्लीभर हिंडेल. खंड्या रोज पावणेतीनला, त्याच कोपऱ्यात, आधी जमिनीकडे बघून मग रडत होता. दहा मिनिटं. मग अंग झाडून झोपायचा, ड्युटी संपल्यासारखा.

दरम्यान चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने रात्री फ्लॅश मारून त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. डोळ्यांच्या जागी दोन हिरवे निखारे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून डोळे चमकतात, मांजराचे चमकतात तसेच, हे मी लिहिलं. वाचलं कुणी नाही. तोच मुलगा मग कुत्र्याच्या डोळ्यातली चिपडं आपल्या डोळ्याला लावली की भुतं दिसतात, हा प्रयोग करायला निघाला होता. भुतं दिसोत न दिसोत, डोळे येतील, असं त्याच्या आईला सांगितलं, तेव्हा थांबला.

काकूंनी उपाय म्हणून कोपऱ्यात लाल पाण्याच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या. गेटवर सहा होत्याच. लाल पाणी बघून कुत्रं मुतत नाही, हे शास्त्र महाराष्ट्रात घरोघरी आहे. कुत्र्याला लाल रंग लाल दिसतच नाही, त्याला निळा आणि पिवळा तेवढा नीट कळतो, असं मी म्हणालो. काकूंनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी बाटल्यांत नीळ टाकली. खंड्याने दोन्हीवर मुतून दाखवलं. याला निष्पक्षपणा म्हणतात.

भुताला खरा शह दिला तो आप्पांनी. आप्पा निफाडकडचे, अजून शेती आहे, द्राक्ष आणि ऊस. मीटिंगमध्ये तंबाखू मळत ते शांतपणे म्हणाले, "भूतबित काही नसतं. बिबट्या असंल."

मीटिंगमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. नाशिकची हीच तर अडचण आहे. दुसऱ्या गावात भुताला नाही म्हटलं की माणसाला बरं वाटतं. इथे भूत गेलं की त्या जागी बिबट्या येतो. उसातून निघतो, नदीकाठ धरून कॉलनीत शिरतो, आणि त्याला सगळ्यात आवडतं ते कुत्रं.

"बिबट्या नको गं बाई," काकू घाईघाईने म्हणाल्या. "भूतच असू दे."

आप्पांनीच पुढे खुलासा केला, की बिबट्या जवळ आला तर कुत्रं असं रडत बसत नाही, गप होतं. आणि सकाळी मोजलं तर एक कमी भरतं. खंड्या समोरच पाय वर करून कान खाजवत होता. मोजणी बरोबर होती. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून परत भुताकडे वळले.

भुताची शांत करायची ठरली. सर्वपित्रीला, प्रत्येकी 501. बारा फ्लॅटचे 6012 रुपये तासाभरात जमले. दोघे पुण्यात होते, त्यांनी तिथून पाठवले. मी दहा वर्षं या बिल्डिंगमध्ये राहतोय, एवढी वसुली गणपतीतही बघितलेली नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्री मी अलार्म लावून अडीचला खाली उतरलो. अंगावर बनियन, कमरेला पांढरी लुंगी, हातात टॉर्च. खंड्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. मी मीटरच्या पेटीखाली उकिडवा बसलो. डास चावत होते. हायवेवरून ट्रकचा घोंगाट येत होता. दोन चाळीसला खंड्याचा डावा कान हलला. मग उजवा. डोकं एका बाजूला कललं. तो उठला, सरळ माझ्याकडे आला, आणि माझ्या पायाशी असलेल्या लोखंडी झाकणाकडे बघू लागला. जमिनीतली पाण्याची टाकी. मी गुडघे टेकले आणि झाकणाला कान लावला.

शीळ. बारीक, लांबलचक, हळूहळू चढत जाणारी. जत्रेतली पिपाणी दूर कुठेतरी कुणीतरी दम न घेता वाजवतंय तशी. आमच्या लाइनला पाणी रात्री सुटतं. टाकी भरत आली की बॉल कॉक, म्हणजे फुग्याचा नळ, अर्धवट मिटतो, आणि झिजलेल्या वायसरच्या फटीतून पाणी शिट्टी मारत घुसतं. अॅम्ब्युलन्सच्या सायरनला कुत्री गळा काढतात, लांब ताणलेला सूर ऐकला की आपल्याच जातीतलं कुणीतरी साद घालतंय म्हणून. खंड्या बिचारा रोज रात्री आमच्या बॉल कॉकला ओ देत होता.

झाकण सरकवलं, हात खाली घातला आणि फुगा वर उचलला. शीळ बंद. खंड्या 'ऊंऽ'च्या मध्यावर थांबला. फुगा सोडला. शीळ सुरू, खंड्या सुरू. पुन्हा उचलला, गप. मला इतका आनंद झाला की मी हे सात-आठ वेळा केलं.

वर खिडकीत काकू उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच : अमावास्येच्या तोंडावर, पांढऱ्या कपड्यातला माणूस जमिनीत हात घालून बसलाय, हात वर-खाली करतोय, आणि त्याच्या हाताबरोबर कुत्रं रडतंय आणि थांबतंय. सकाळी ग्रुपवर मेसेज होता : 'सेक्रेटरींच्या अंगात येतं हे आपल्याला माहीत नव्हतं.' सोबतच्या माझ्या फोटोला हात जोडले गेले.

प्लंबर आला, टाकीत डोकं घालून म्हणाला, "कॉक गेलाय साहेब. नवा टाकून 850." बारा फ्लॅटला भागिले तर प्रत्येकी 70 रुपये 83 पैसे. मी ग्रुपवर हिशोब टाकला. एकाने विचारलं, मेंटेनन्समधून का नाही? एकाने विचारलं, दुसरीकडचं कोटेशन घेतलं का? एक म्हणाला, आम्ही वरच्या टाकीचं पाणी वापरतो. खालच्या टाकीतूनच ते वर चढतं, हे सांगण्यात माझी संध्याकाळ गेली. शेवटी 850 मीच दिले. भुताचं बरं असतं, त्याचं कोटेशन कुणी मागत नाही.

सकाळी कॉक बदलला, दुपारी शांत झाली. त्या रात्री खंड्या रडला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. काकूंनी मला खिरीची वाटी आणून दिली आणि म्हणाल्या, "बघा, गुण आला की नाही?" मी हो म्हणालो. खीर चांगली होती.

आठ दिवसांनी नानांनी बोलावून घेतलं. कॉटखाली एकही शहाळं नव्हतं. स्टुलावर औषधं आणि पाण्याचा तांब्या.

"कुत्रं रडायचं थांबलं म्हणे."

"हो नाना. बॉल कॉक खराब होता. नवा बसवला."

"हं." नाना थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "चार दिवस झाले, कुणी फिरकलेलं नाही."

मी काय बोलणार? नानांनी खुणेने मला जवळ बोलावलं, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"तो जुना कॉक टाकून दिलास का रे?"