ॲडमिनसारखं द्या, पण ॲडमिन नको!

रविवार, सकाळचे साडेनऊ. नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला बसलेलो. पाव रश्श्यात बुडवला, तोंडाशी नेला, आणि फोन.

"इंजिनिअर साहेब, एक बारीकसं काम होतं."

बारीकसं! पाव खाली ठेवला. भूक तिथेच मेली.

शेठ. पिंपळगावकडचा कांद्याचा खळा, म्हणजे कांदा खरेदी-विक्रीचं आवार. त्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी "आम्हाला फक्त आवक-जावक लिहायची आहे, दुसरं काही नको" म्हणाले होते, तेच हे शेठ.

"आमच्या भाच्याला लॉगिन द्यायचं. ॲडमिनसारखं द्या, पण ॲडमिन नको."

"म्हणजे नेमकं काय शेठ?"

"म्हणजे सगळं दिसलं पाहिजे त्याला."

"बरं."

"फक्त भाव दिसायला नको."

"शेठ, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भाव सोडून दुसरं आहे काय?"

"मग असं करा, खरेदीचा दिसू द्या, विक्रीचा नको. पार्टीचं नाव पण नको. मात्र पार्टीचा फोन आला तर बाकी किती ते त्याला सांगता आलं पाहिजे."

नाव न बघता बाकी सांगायची. आवाज ओळखून सांगेल बहुतेक.

"डिलीटचं काय करायचं?"

"छे छे, डिलीट नको. पोरगं आहे, काहीतरी करून बसेल."

"ठीक."

"पण मी बाहेरगावी असलो तर करता आलं पाहिजे."

म्हणजे आता सॉफ्टवेअरला कळायला हवं की शेठ वणीच्या गडावर आहेत का खळ्यावर. गडावर असतील तर भाच्याला डिलीट चालू, शेठ खाली उतरले की बंद. हे मी लिहायचं. तेही पुढच्या सोमवारपर्यंत, आणि "ह्याचे वेगळे पैसे नाही ना लागणार?" हे वर.

आणि शेवटची टाचणी ऐका. "पेमेंट पास करायचं पण त्याच्याकडे द्या. आणि दिवाणजींना ह्यातलं काही कळू देऊ नका." अहो, दिवाणजी तुमच्याच टेबलासमोर बसतात! आणि सगळ्या लॉगिनची यादी त्यांनाच दिसते, कारण गेल्या दिवाळीत "दिवाणजींपासून आपल्याला काय लपवायचंय" म्हणून तुम्हीच ती दाखवायला लावलीत!

मिसळवाल्या पोराला म्हटलं, तर्री दे थोडी. म्हणाला, "रस्सा पाहिजे तेवढा घ्या, तर्री मालकाला विचारून." ह्याला कळतं. मिसळीच्या टपरीवर कुणी काय वाढायचं ठरलेलं असतं. लाखोंच्या मालाची उलाढाल करणाऱ्या खळ्यावर नाही.

आत्तापर्यंत आठ प्रकारची लॉगिन झालीत त्या खळ्याची. शेतकरी, दिवाणजी, मापारी, गाडीवाला, बाहेरच्या राज्यातली पार्टी, शेठ, शेठचा मोठा मुलगा (शेठसारखाच, पण बँकेचं पान नाही), आणि सीए, ज्याला वर्षातून एक महिना सगळं दिसतं आणि अकरा महिने काहीच नाही. आता नववा भाचा. सुरुवातीला डेटाबेसात एकच कॉलम होता: ॲडमिन आहे का, हो किंवा नाही. किती गोड दिवस होते ते. मग आला 'सुपर ॲडमिन'. ज्या दिवशी सुपर ॲडमिन येतो ना, त्या दिवशी समजायचं की आता घसरगुंडी लागली. आमच्या आधी ज्याने शेठचं जुनं सॉफ्टवेअर केलं होतं त्या महाभागाने तर 'ॲडमिन', 'ॲडमिन२' आणि 'ॲडमिन_नवा' असे तीन कॉलम ठेवले होते, आणि त्यात नवा हा सगळ्यात जुना होता.

बरं, हा प्रश्न काय आज जन्माला आलाय? साल्त्झर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की ज्याला कामापुरते जेवढे अधिकार लागतात तेवढेच द्या, वर एक नको. फेराइओलो आणि कून यांनी १९९२ साली सांगितलं की अधिकार माणसाला चिकटवू नका, रोलला, म्हणजे कामाच्या हुद्द्याला चिकटवा, आणि माणसाला रोल द्या. माणूस गेला, रोल काढून घेतला, विषय संपला. बिल करणारा आणि बिल पास करणारा एकच नको, हेही त्यातच बसतं. २००४ साली त्याचं अमेरिकेत रीतसर मानक झालं. हे सगळं मी शेठना खळ्यावर चहा पिताना समजावलं होतं. कागदावर चौकोन काढून. शेठनी शांतपणे ऐकलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "रोल-बिल तुमच्या कंपन्यांना ठीक हो. इथं सगळी घरचीच माणसं."

घरची माणसं! म्हणूनच मापाऱ्याचा पासवर्ड काट्याशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलाय. चार जण त्याच लॉगिनने वजनं भरतात, आणि दोन क्विंटल इकडचं तिकडं झालं की मला फोन: "तुमच्या सिस्टिममध्ये बघून सांगा कुणी केलं." मी बघतो. सिस्टिम म्हणते, मापारी. चौघंही म्हणतात, मी नाही.

आणि मोबाइल नंबर! कुणी सांगितलं होतं मला मोबाइल नंबर युनिक ठेवायला, म्हणजे एका नंबरवर एकच खातं? मीच. पुस्तकात शोभून दिसतं ते. इकडे निफाड तालुक्यात एका घरात बाप, दोन मुलं आणि आई, चौघांच्या नावावर वेगवेगळी जमीन, चार सातबारे, चार बँक खाती, आणि नंबर एक, तो पण धाकट्याचा. धाकटा कॉलेजला नाशिकला. ओटीपी कॉलेज रोडवर वाजतो आणि म्हातारा बाजार समितीत ट्रॅक्टरवर बसून "आला का रे?" विचारतोय. त्यात निम्मे शेतकरी स्वतःच बारीक व्यापार पण करतात. सकाळी माल विकणारा, दुपारी घेणारा. माझं सॉफ्टवेअर त्याला दारातच विचारतं, तू कोण? एकच सांग. तो बिचारा रोज नवीन उत्तर देतो.

ह्यावरून आठवलं, ते एक पोर्टल. कुठलं ते सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. आत जायच्या आधीच विचारतं: व्यक्ती, संस्था, की इतर? चुकीचं निवडलं तर 'पासवर्ड चुकीचा आहे' म्हणतं. पासवर्ड बरोबर असतो हो! खातं दुसऱ्या खणात असतं! मी तीनदा पासवर्ड बदलला, खातं चोवीस तासांसाठी बंद झालं, आणि मग कळलं की मी 'इतर' आहे. बायको म्हणाली, ते मला आधीच माहीत होतं.

आणि ते ४०१ नि ४०३, वेबसाइट आत घेत नाही तेव्हा दाखवते ते एरर नंबर. तू कोण ते माहीत नाही, तर ४०१. तू कोण ते माहीत आहे पण तुला परवानगी नाही, तर ४०३. इतकं साधं. पण ज्याने ४०१ ला 'अनऑथराइज्ड' नाव दिलं त्याला द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता चारचाकी घेऊन उभा करा. नाव परवानगीचं आणि अर्थ ओळखीचा. दर नव्या पोराला हे समजावण्यात माझे केस गेले. (केस वडिलांचेही गेलेत, पण तो विषय वेगळा.)

असो. घरी आलो, तणतणत लॅपटॉप उघडला. ठरवलं, आज शेठना एक सणसणीत ईमेल लिहायची, की तुम्ही शिस्त पाळत नाही म्हणून असं होतं. पुरावा म्हणून परवानग्यांचा कोड उघडला. आणि पहिल्याच फाइलमध्ये ही ओळ: यूजर आयडी १७ असेल तर सगळं दाखव.

कोण आहे हा १७? कुणी लिहिलं हे?

वर कॉमेंट होती. 'तात्पुरतं. नंतर नीट करू.' खाली माझंच नाव. तारीख दोन वर्षांपूर्वीची, वेळ रात्री एक चाळीस. १७ म्हणजे शेठचा मोठा मुलगा. त्याच्यासाठी रोल बनवायचा कंटाळा आला होता मला. फेराइओलो आणि कून बसले बोंबलत.

मग जरा आणखी खाली गेलो आणि घाम फुटला. गाडीवाल्याला भावाचं पान दिसायला नको, म्हणून मी काय केलंय? मेनूतलं बटण लपवलंय. बस्स. पान तसंच उघडं. पानाचा वेब-पत्ता माहीत असेल तर गाडीवाला काय, कुणीही लॉगिनवाला आत. वरून पत्त्यात शेवटी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावतीचा नंबर. ४१२ चं ४१३ केलं की शेजाऱ्याची पट्टी हजर. दाराला कुलूप न लावता नुसतं वर कॅलेंडर टांगलंय मी. ओवास्प ही संस्था वेब सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या धोक्यांची यादी काढते. तिच्या २०२१ च्या यादीत नेमकी हीच भानगड, परवानग्यांची तपासणी ढिली असणं, पाचव्या नंबरवरून थेट पहिल्यावर गेली होती. तेव्हा ऑफिसात मीच त्यावर अर्धा तास भाषण दिलं होतं. समोसे पण होते.

ईमेल लिहिली नाही. चहा केला, आणि दुपारभर बसून प्रत्येक पानाला सर्व्हरवर तपासणी टाकली. १७ नंबरला रीतसर रोल दिला. कुणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं तर विचारतील, आधी नव्हती का?

संध्याकाळी भाच्याचं काम घेतलं. रोलचं नाव काय द्यायचं सुचेना. सहायक व्यवस्थापक? अंशतः ॲडमिन? शेवटी नाव दिलं 'भाचा'. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या चालू सिस्टिमच्या टेबलात, नववी ओळ, भाचा. खरेदीचा भाव दिसतो, विक्रीचा नाही, पेमेंट पास करता येतं, डिलीट बंद. गडाचं नंतर बघू.

नंबर टाकला, सेव्ह दाबलं. लाल पट्टी आली: हा नंबर आधीच नोंदलेला आहे.

उघडून बघितलं. शेतकरी म्हणून नोंदलेला. मागच्या आठवड्यात तीन ट्रॉल्या उन्हाळ कांदा, खरेदीदार आपलेच शेठ, पेमेंट बाकी. म्हणजे उद्यापासून भाचा स्वतःच्याच कांद्याचे पैसे स्वतःच पास करणार.

शेठना लगेच फोन लावला. सगळं सांगितलं, सावकाश, चौकोन न काढता.

"अरे वा," शेठ म्हणाले, "म्हणजे एक लॉगिन वाचलं की!"