नखं लावता येतात तर काढायला पण शिका की

डोकं फिरलंय माझं, आज लिहितेच. मे महिन्यात नणंदेचं लग्न होतं म्हणून हौसेनं अ‍ॅक्रिलिकची नखं करून घेतली. सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला एक नेल स्टुडिओ झालाय तिथं, १५०० रुपये दिले, अडीच तास बसले. लावताना काही तक्रार नाही, पोरीचा हात खरंच चांगला होता. क्युटिकल मागं सारलं, बफरनं नखाची चमक काढली, प्रायमर लावला, टिप म्हणजे प्लास्टिकचं खोटं नख चिकटवलं, मग ब्रश लिक्विडमध्ये बुडवून पावडरीला टेकवला की ओला गोळा येतो ना, तो नखावर ठेवून भराभर पसरवत गेली. लिक्विडचा उग्र वास सोडला तर सगळं मस्त, मेंदीबरोबर फोटो पण झकास आले. उठताना मी मुद्दाम विचारलं, हे काढायचं कसं गं? तर म्हणाली, या की ओ ताई, पाच मिनिटांत काढून देते.

पाच मिनिटांत!! हे लक्षात ठेवा.

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसायला लागतेच, तेव्हा रिफिल, म्हणजे ती फट भरून घ्यायचं काम, तरी करायचं नाहीतर काढून टाकायचं. त्यात आपल्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंपं घासा, बादल्या भरा, कळशा भरा, दोन तास हात पाण्यातच. तर दोन बोटांची नखं कडेनं उचलली. उचललेल्या नखाखाली ओल राहिली तर बॅक्टेरिया वाढून नख हिरवं पडतं हे मला माहीत होतं, म्हणून आळस न करता दुसऱ्याच दिवशी भर उन्हात स्कूटी काढून गेले. काढून टाका म्हणलं सगळी.

तर त्या पोरीनं काय करावं? एक नवीन प्लास्टिकची टिप घेतली, उचललेल्या कडेखाली घातली आणि डबा उघडतात तशी वर ओढली. खटकन आवाज झाला. मी किंचाळले अक्षरशः. खाली बघते तर माझ्या नखाचा वरचा पापुद्रा त्या अ‍ॅक्रिलिकला चिकटून गेलेला, पांढरा. मी म्हणलं अगं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवतात ना हे? तर ती म्हणते, अ‍ॅसिटोननं नखं खराब होतात ओ ताई, असंच बरं पडतं. आणि मागनं मालकीणबाई ओरडायल्या, जरा जोर लाव गं, बाहेर दोन कस्टमर थांबलेत.

जोर लाव?? माझं बोट आहे ते, पिंपाचं झाकण नाही!

आपलं नख म्हणजे एकावर एक बसलेले केराटिनचे पातळ थर असतात. अ‍ॅक्रिलिक वरच्या थराला घट्ट धरून बसतं, म्हणून तर ते टिकतं. ओढलं की ते एकटं येत नाही, थर घेऊनच येतं. ही गोष्ट नखांचा धंदा करणाऱ्याला माहीत नसेल तर त्यानं दुकान उघडूच नये. दोन नखं अशी ओढल्यावर मी हात मागं घेतला तर म्हणे थांबा मशीननं काढते, आणि उरलेल्या तिघांवर ड्रिल. ते एकाच जागी दाबून धरलं की नख इतकं तापतं की डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या. तिन्ही नखांवर लाल चंद्रकोरीसारखे खड्डे पडले. उजवा हात संपला. डावा मी दिलाच नाही. तरी काढायचे ३०० रुपये घेतलेच, आणि वर मालकीणबाई काय म्हणाव्यात, लगेच नवीन सेट लावून घ्या, खालचं दिसायचं नाही.

माझा खरा संताप इथं आहे. खालचं दिसायचं नाही म्हणे! म्हणजे आधी तुम्ही नख सोलणार, मग सोललेल्या नखावर परत प्रायमर, परत लिक्विड, परत १५०० रुपये, आणि बाईला वाटत राहणार की माझी नखंच कमजोर. त्या पोरीवर मी एवढी चिडले नाही, वीस वर्षांची असेल नसेल, तिला लावायचं शिकवलं आणि काढायचं शिकवलंच नाही कुणी. शिकवणार कशाला, लावण्यात पैसा आहे. काढायचं म्हणजे अर्धा-पाऊण तास खुर्ची अडकते आणि हातात पडतात ३००.

डाव्या हाताचं मी घरी केलं, एकटीनं. होलसेल कॉस्मेटिकच्या दुकानातनं प्युअर अ‍ॅसिटोन आणलं, ते गुलाबी नेलपॉलिश रिमूव्हर नाही. गॅस बंद, देवापुढचा दिवा विझवलेला, कारण अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, आणि खिडक्या उघड्या. नखं कापून आखूड केली, वरची चकाकी फाईलनं घासून काढली, कडेच्या कातडीला व्हॅसलीन, मग कापूस भिजवून नखावर ठेवला आणि वरनं पोळ्यांचा फॉईल गुंडाळला. पंचवीस मिनिटांनी बघितलं तर भिजलेल्या डिंकासारखं मऊ झालेलं, लाकडी काडीनं हलकं सारलं की सुटायलंय. एक-दोन बोटांना परत दहा मिनिटं भिजवावं लागलं. कोरडी पडली होती नखं, खोबरेल तेल चोळलं, संपलं.

म्हणजे बघा, माल पण चांगला होता. स्वस्तातलं एमएमएवालं, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट नावाचं केमिकल घातलेलं लिक्विड असतं ना, ते दगडासारखं कडक होतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये सहजासहजी सुटत नाही, अमेरिकेत तसल्या मालावर १९७०च्या दशकातच कारवाई झालीये. माझं तसलं नव्हतंच, सरळ सुटलं असतं! नुसती अर्ध्या तासाची सवड द्यायची होती माझ्या हाताला.

आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण मलाच ऐकवतो, कुणी सांगितलं होतं असले नाद करायला. अहो बाई तीच, नखं तीच, पावडर तीच, लग्न तेच. डावा हात धडधाकट आहे आणि उजवा कागदासारखा. नाद वाईट असता तर दोन्ही हात गेले असते ना!

जून-जुलै मी काय भोगलंय ते मला माहीत. उजव्या हाताचं नख केसांत अडकलं तरी उलटं वाकायचं. गरम पाणी झोंबतं, लिंबू झोंबतं. शेंगाची चटणी कुटली की तिखट नखाच्या खड्ड्यात जाऊन बसायचं, रात्रभर आग. ज्वारीचं पीठ मळताना बोटं वर धरून मळायची, शेवटी सासूबाईंनी परात ओढून घेतली, त्यांचे गुडघे दुखत असताना दीड महिना भाकरी त्यांनी थापल्या. बोटाचं अख्खं नख नवीन यायला सहाएक महिने लागतात. अंगठ्यावरची ती चंद्रकोर आत्ता कुठं निम्म्यावर आलीये, रोज बघते मी.

आणि आज सकाळी त्याच स्टुडिओचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. गौरी-गणपती ऑफर, एक्स्टेंशन करा, रिमूव्हल फ्री.

मी दोन्ही हातांचा फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, उजवा तुम्ही काढला, डावा मी काढला, माझे ३०० परत करा. दोन निळ्या टिका आल्यात सकाळी साडेनऊला. अजून उत्तर नाही.