क्रॉनिक आहे, लांब बसा

खोकला जात नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप टेकवला, कागदावर 'क्रॉनिक कफ' असं खरडलं आणि एक्स-रे काढायला पिटाळलं. समजावून सांगणं बहुधा फीमध्ये बसत नसावं.

एक्स-रेच्या रांगेत शेजारच्या गृहस्थांनी मान तिरकी करून माझा कागद वाचला. मी चष्मा काढेपर्यंत त्यांचं वाचून झालंही होतं.

"क्रॉनिक?" त्यांचा चेहरा असा पडला की मीच त्यांचं सांत्वन करावं. "घरी सांगितलंत?"

"खोकला आहे हो. घरच्यांना ऐकू येतो."

"तसं नाही. आधी ॲक्यूट, मग क्रॉनिक, आणि मग..." त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पंखा बंद होता.

"अहो, क्रॉनिक म्हणजे जुनाट, रेंगाळलेलं. ग्रीकमधल्या 'क्रोनोस'वरून आलाय शब्द. क्रोनोस म्हणजे काळ."

"काळच ना? मग मी वेगळं काय सांगतोय!"

यावर काय बोलणार? मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांच्या वर टिकला की तो क्रॉनिक, वेदना 3 महिन्यांच्या वर राहिली की ती क्रॉनिक. सगळा हिशोब कॅलेंडरचा. किती गंभीर, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं. हार्ट ॲटॅक ॲक्यूट असतो, म्हणून काय तो सौम्य? त्यातून ब्रिटिश लोक बोलताना 'क्रॉनिक' हा शब्द 'अगदी भिकार, भयंकर' अशा अर्थानेही वापरतात. म्हणजे तिकडे हे गृहस्थ बरोबर ठरले असते! याचा मला जास्त राग आहे.

आणि जुनाट दुखण्याला मान नसतो तो नसतोच. ॲक्यूटवाल्याला भेटायला माणसं येतात. आम्हाला विचारतात, "अजून आहेच का?" जणू मीच धरून ठेवलाय. खोकल्याची उबळ आली की टीव्हीचा आवाज वाढवतात, तेही माझ्याकडे न बघता.

इंग्रजीत खोड लागलेल्या माणसालाही हे विशेषण लावतात. सतत खोटं बोलणारा तो क्रॉनिक लायर. फुकटच्या सल्लागारांनाही लावता आलं असतं, पण ते तिथे सुचेल तर शपथ.

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर एक बाई बसणार, तोच त्यांनी दारातून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ताई, जरा लांब बसा. यांना क्रॉनिक आहे."

बाईंनी पर्स उचलली आणि थेट पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.